ताणातलं हिरवं झाड

तिचं खरं नाव सासरी कुणाला आठवत नाही. लग्न होऊन आली आणि विहिरीत वाकून बघायला नको म्हणाली, तेव्हा नवरा चारचौघांत हसला, "ही तर आमची भित्री भागूबाई!" झालं, तेव्हापासून ती भागूबाई. पालीला भ्यायची, कुत्र्याला भ्यायची, विहिरीवरच्या मोटारीचं बटण लाकडी काठीनं दाबायची. हसा खुशाल. पण नवऱ्याला त्या बटणाचा दोनदा झटका बसला आणि हिला एकदाही नाही, हेही लक्षात ठेवा.

नवरा आडदांड गडी. त्यानं कोरड्या माळावर डाळिंबाची बाग उभी केली होती. पाऊस त्या भागात पाहुण्यासारखा यायचा, तोही उंबऱ्यावरूनच "येतो हं" म्हणून निघून जाणारा. सगळी भिस्त ठिबकच्या काळ्या नळ्यांवर.

आता डाळिंबाचं एक बघा. त्याला वर्षभर पाणी पाजलं तर ते नुसतं पानांनी माजतं आणि कळीच्या नावानं शंख. म्हणून वर्षातून एकदा पाणी तोडायचं. ह्याला ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडून गळतात, फांद्यांच्या नुसत्या काड्या दिसायला लागतात, आणि मग पाणी सोडलं की झाड लालभडक फुलतं. मात्र तोवर बघत बसायला छाती लागते. पहिल्याच वर्षी भागूबाईनं एका झाडाला गुपचूप कळशीभर पाणी घातलं होतं. नवरा केवढा भडकला! "दया करू नकोस गं! दयेनं बाग बुडते."

तोच माणूस पुढं आजारी पडला. दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात मशीनवर रक्त धुवायला जायचं आणि लिंबासारखं पिळून घरी यायचं. डॉक्टरीणबाईंनी टेबलावर एक लहान बाटली ठेवली. "दिवसाला एवढंच पाणी. चहा, औषधाचा घोट, सगळं ह्यातच. ह्यांना लघवी होत नाही, प्यालेलं पाणी अंगातच साचतं. जास्त झालं तर फुप्फुसात उतरेल. घसा सुकला तर चूळ भरा आणि थुंका."

"म्हणजे मला ताण दिलाय," नवरा म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला. भागूबाईला हसू आलं नाही.

तिनं ते साचलेलं पाणी एकदा डोळ्यांनी बघितलं होतं. नणंद भेटायला आली होती. भावाचे सुकलेले ओठ बघून तिचं काळीज तुटलं, आणि भागूबाई गोठ्यात असताना तिनं त्याला तांब्याभर सरबत पाजलं. दुसऱ्या सकाळी हा खाटेवर ताठ बसलेला, तोंड उघडं, डोळे बाहेर आलेले, आणि छातीतून हुक्का ओढल्यासारखा आवाज. आडवं केलं की जीव चाललाच. फळांच्या टेम्पोत क्रेटवर बसवून त्याला दवाखान्यात नेलं. वाटभर तो बायकोचा हात धरून होता, आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत तिनं पहिल्यांदा भीती बघितली.

त्यानंतर तिनं पाण्याचा माठ आतल्या खोलीत नेला आणि खोलीला कुलूप घातलं. किल्ली कमरेला. "नवऱ्याला घोटभर पाणी देत नाही, काय बाई म्हणावी," नणंद सगळ्यांना सांगत फिरली. बोलणाऱ्याचं काय जातं? भागूबाई रात्री त्याच्या श्वासाकडे कान लावून पडायची आणि उठल्यावर आधी त्याचे पाय दाबून बघायची, सूज आहे का म्हणून.

त्या वर्षी बागेला ताण देणंही तिच्याच गळ्यात पडलं. तिनं व्हॉल्व्ह बंद केला. पानं पिवळी पडत गेली, रोज पायाखाली जास्त वाजायला लागली. तिला भीती, जास्त ताणलं तर बाग मरेल, कमी ताणलं तर कळी येणार नाही. नवरा दुपारी "जरा बागेत फेरी मारून येतो" म्हणून जायचा आणि येऊन सांगायचा, "थांब अजून. घाई नको."

एके दिवशी ती पार टोकाला गेली आणि जागीच थबकली. सगळी बाग पिवळी, आणि फवारणीच्या हौदाजवळचं एकच झाड हिरवंगार.

तिला आधी वाटलं, नळी फुटली असेल. तिनं नळी चाचपली, तर ती खडखडीत कोरडी. मग हौदाच्या नळाखाली बघितलं. तिथं मातीत नवऱ्याच्या चपलेचे ठसे होते, जुने-नवे, एकावर एक. नळामागं एक स्टीलचा पेला पालथा घातलेला. झाडाचं आळं ओलं.

मागच्या खेपेला दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, "वजन जरा जास्त आलंय, पाणी सांभाळा." म्हणजे हा रोज इथं येऊन पितोय! आणि आपण घरात माठाला कुलूप लावून बसलोय. तिला तो टेम्पो आठवला, तो आवाज आठवला.

दुसऱ्या दुपारी तो निघाला तशी ती आडवाटेनं पुढं गेली आणि फवारणीच्या औषधांच्या खोलीमागं लपली. तो आला. पेला काढला, भरला आणि तोंडाला लावला. ओरडायचं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि तशीच थांबली. तिचे डोळे त्याच्या गळ्यावर खिळले होते. घाटी हलतेय का?

हलली नाही. त्यानं पाणी गालांत धरलं, डोळे मिटले, कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. मग वाकून ते झाडाच्या बुंध्याशी थुंकला. पुन्हा पेला भरला, पुन्हा चूळ. एक पेला मानेवर ओतला, एक डोक्यावर, आणि दर वेळी आळ्यात पाय ठेवून, थेंब बाहेर जाऊ नये म्हणून. आयुष्यभर पाण्यासाठी झिजलेला माणूस, थुंकायचं पाणीही वाया कसं घालवेल?

भागूबाईला रडू फुटलं. तिनं तोंडात पदर कोंबला. हिरवं झाड म्हणजे न प्यालेलं पाणी होतं, आणि ती त्याला चोर समजली होती.

तेवढ्यात त्यानं शेवटचा पेला भरला. चूळ घेतली. इकडंतिकडं बघितलं. आणि घाटी हलली, एकदाच. मग त्यानं नळ घट्ट पिळला, थेंब गळतोय का ते बोट लावून बघितलं आणि घराकडं निघाला.

संध्याकाळी तिनं त्याला अर्धाच कप चहा दिला.

"काय गं, आज चहा गावाला गेलाय का?" तो म्हणाला. त्यानं कपाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि त्याचं हसू ओसरलं. "बघितलंस होय?"

"बघितलं."

"एकच घोट घेतो. तो घेतल्याशिवाय नळ बंद करायला हातच उठत नाही."

"अहो, मला भीती वाटते हो!" ती एकदम ओरडली. "तुम्ही घोट म्हणता, मला तो टेम्पो दिसतो!"

"मलाही वाटते भीती," तो हळूच म्हणाला. "मी हसतो, म्हणून तुला कळत नाही एवढंच."

दुसऱ्या दिवसापासून ती बाटलीतला एक घोट बाजूला काढायला लागली. दुपारी दोघं हौदाशी जायची. चुळा भरून झाल्या की तो घोट ती त्याच्या हातात द्यायची आणि तो पोटात जाईपर्यंत गळ्यावरची नजर हलवायची नाही.

एक दिवस त्यानं फांदीवर नख मारून बघितलं आणि म्हणाला, "सोड आता पाणी." भागूबाईनं सोडलं. तोवर झाडं मेली असतील, ह्या भीतीनं पुढचे काही दिवस तिला जेवण गेलं नाही. आणि मग कोवळ्या फुटव्यात कळी दिसली. बघता बघता बाग लाल झाली. हौदाजवळच्या झाडाला मात्र पानंच पानं, औषधाला एक कळी नाही.

व्यापारी बाग बघायला आला. फिरत फिरत तो त्या झाडापाशी थांबला. खाली सावलीत नवरा टेकून बसला होता, पेला मांडीवर.

"वहिनी, हे एकच कसं राहिलं?" व्यापारी म्हणाला. "पुढच्या वर्षी ह्यालाही पक्का ताण द्या. बघा कसं फुलतंय."

भागूबाईनं नवऱ्याच्या मांडीवरच्या पेल्याकडं बघितलं; हे झाड सुकायचं तर इथं चूळ टाकणारा माणूसच नसायला हवा.

"नको हो," ती म्हणाली. "ते असंच राहू दे."