डबाकाकांची शाबासकी

डबाकाका कुणाच्याही घरी गेले की आधी टाळी वाजवत. चपला काढायच्या आत, उंबऱ्यावरच, एकच खणखणीत टाळी. मग मान तिरकी करून ती टाळी भिंतींवर आपटून परत कशी येते ते ऐकत, आणि घरात कुठेतरी उंदीर मेलाय अशा नजरेने यजमानाकडे बघत. "डबा," म्हणत, म्हणजे खोली रिकाम्या डब्यासारखी घुमते, आणि मगच आत येत. माझ्या बायकोला, वैशालीला, पहिल्यांदा वाटलं की हा म्हातारा टाळ्या वाजवून आपल्यालाच बोलावतोय. ती तावातावाने बाहेर आली होती.

खरं नाव कुणी घेत नसे. जहाजावर वायरलेस ऑपरेटर होते. अर्धं आयुष्य खरखरीतून माणसाचा आवाज वेगळा काढण्यात गेलेलं. पुढे जहाजांना वायरलेसवाला नकोसा झाला तेव्हा गाशा गुंडाळून मांडवीला घरी येऊन राहिले. त्यानंतर रत्नागिरीत ज्याच्याकडे म्हणून गाणी ऐकायचा बरा सेट असेल, त्याच्या घरी जाऊन त्याचा पाणउतारा करणे हा त्यांचा उद्योग. तोही फुकट. वर चहा घेत, आणि चहालाही नावं ठेवत.

एका कंत्राटदाराने बंगल्यात परदेशी सेट बसवला. ग्रॅनाइटची जमीन, तीन बाजूंना काचा. काकांना गाडी पाठवून नेलं. काकांनी टाळी वाजवली, अर्धं गाणं ऐकलं आणि म्हणाले, "सेट उत्तम आहे हो. बंगला विका." कंत्राटदाराने परत गाडी दिली नाही. काका चालत आले आणि वाटेत भेटेल त्याला ही हकिगत सांगत आले.

मी शाळामास्तर. हायफायचं वेड आणि मास्तरचा पगार एका घरात नांदणं कठीण. मी दहा वर्षं नांदवलं. अँप्लिफायर जुना, मुंबईहून कुणाचा तरी काढून टाकलेला. स्पीकर मेहुण्याने भंगारात द्यायला काढलेले. रत्नागिरीलगतच्या नाचणे गावातल्या माझ्या हॉलमध्ये हा संसार मी शोकेसवर मांडला होता, मधोमध प्लॅस्टिकची फुलं. काकांनी ते बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, हे काय देव्हाऱ्यात बसवलेत? आरती करतोस काय?"

आणि मला त्या दिवसापासून एकच ध्यास लागला. ह्या खवचट माणसाने एकदा, आयुष्यात एकदा, माझ्या हॉलमध्ये बसून 'बरं वाजतंय' म्हणावं. हसू नका. मुलं पास होण्यासाठी मी जेवढा झटलो नाही तेवढा ह्या दोन शब्दांसाठी झटलो.

काकांचे उपाय म्हणजे गरिबाघरचे काढे. स्पीकर शोकेसवरून खाली उतरवायचे, एकेकाखाली जांभ्या दगडाचे दोन दोन चिरे ठेवायचे, चिरे आणि स्पीकर ह्यांच्यामध्ये जुन्या स्लिपरचे तुकडे. भिंतीपासून हातभर पुढे ओढायचे. सुंभ घेऊन मापायचं: दोन स्पीकरांत जेवढं अंतर तेवढंच प्रत्येकापासून आपल्या खुर्चीला. दिवाळीच्या दिवाळी वायरीची टोकं कापून नव्याने सोलायची, कारण आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्याने तांबं काळं पडतं. आणि घरातल्या सगळ्या जुन्या गोधड्या भिंतीला. "आवाज सुधारायला पैसे लागत नाहीत रे मेल्या, लाज सोडावी लागते," असं ते म्हणत. वैशालीने चिरे येऊ दिले. हॉलमध्ये भिंतीला गोधड्या टांगायला मात्र साफ नाही म्हणाली. मलाही खरं तर त्या नकोच होत्या. पाहुण्यांना काय वाटेल? इथे बाळंतीण आहे की काय?

त्याच सुमारास मी मोबाइलवरच्या एका ग्रुपात शिरलो. तिथे हायफायवाले जमत. एकापेक्षा एक दीडशहाणे. वायर बदलली आणि गाणाऱ्याचा श्वास ऐकू आला, प्लग बदलला आणि डोळे भरून आले, असं लिहिणारी माणसं. मी वाचून हसायचो आणि रोज वाचायचो. शेवटी एके दिवशी, बायकोला पत्ता लागू न देता, मीही मनगटाएवढी जाड केबल मागवली. तिच्यावर बाण होता! वीज कुठून कुठे जाते ते विजेला कळावं म्हणून.

केबल आली ती मे महिन्यात. तेव्हा आमच्या हॉलमध्ये अढी घातलेली. सासूबाईंच्या बागेतले आंबे दरवर्षी आमच्याकडेच पिकायला येतात आणि दुसरी मोकळी खोली नाही. त्यामुळे अर्ध्या हॉलभर वीतभर पेंढा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा, त्यावर गोणपाटं. मी केबल जोडली, खुर्ची कशीबशी पेंढ्यात रोवली आणि गाणं लावलं. काय सांगू! तंबोरा मागे, तबला बाजूला, गाणारी बाई समोर बसलेली. मी ग्रुपवर केबलवर निबंध लिहिला. अंगठ्यांवर अंगठे आले. मग काकांना बोलावलं.

काकांनी टाळी वाजवली. पेंढ्याकडे बघितलं, केबलकडे बघितलं, खुर्चीवर बसले. गाणं संपलं. म्हणाले, "बरं वाजतंय."

मला गहिवरून आलं. "बघा काका! केबल!"

"होय हो, केबल," काका म्हणाले. दोन आंबे खाल्ले, सहा पिशवीत घालून घेतले आणि गेले. मी तो आठवडाभर घरात कुणाला रागावलो नाही.

जूनमध्ये अढी उठली. पेंढा बाहेर गेला, लादी पुसली, आणि संध्याकाळी गाणं लावलं तर पुन्हा तेच. कर्कश. गाणारी बाई जणू विहिरीत पडून ओरडतेय. मी केबल उलटी लावली, बाण फिरवला, टोकं पुसली. विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, सर, केबल मुरायला वेळ लागतो. अरे, केबल आहे की लोणचं? तरी मी, हा पदवीधर गाढव, आठ दिवस रोज सेट चालू ठेवून शाळेत जात होतो. केबल मुरावी म्हणून!

शेवटी काकांकडे निरोप धाडला. ते आले, टाळी वाजवली, आणि माझ्याकडे इतक्या तुच्छतेने बघितलं की मी लहान होऊन पाचवीच्या बाकावर जाऊन बसलो.

"मास्तर, केबल तीच आहे. पेंढा गेला."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"टाळीतच कळलं. पेंढ्याने सगळा गोंगाट पिऊन टाकला होता."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा सांगितलं असतं तर पटलं असतं तुला? तू निबंध लिहिला होतास."

वैशाली दारात उभी राहून हे ऐकत होती. केबल म्हणजे कुठली केबल, हे तिने काका गेल्यावर विचारलं. त्याबद्दल मी इथे लिहीत नाही.

मला खरा डंख लागला तो दुसराच. दहा वर्षांत एकदा मिळालेली शाबासकी, तीही भाताच्या पेंढ्याला मिळाली होती! मी चिडलो. केबल काढून माळ्यावर फेकली, साधी विजेची वायर जोडली. वैशालीच्या हातापाया पडून गोधड्या मिळवल्या आणि टांगल्या. सोफ्यामागे काथ्याची जुनी गादी उभी केली. सुंभाने दहादा मापलं. येणारे जाणारे हसले. हसोत. श्रावणात एके दिवशी गाणं लावलं आणि गाणारी बाई परत येऊन समोर बसली. ह्या वेळी आंब्याशिवाय.

काका महिनाभर फिरकले नव्हते, म्हणून बोलवायला मी स्वतःच मांडवीला गेलो. त्यांच्या घरी मी कधी गेलो नव्हतो. त्यांनी कधी बोलावलं नव्हतं, आणि माझी समजूत अशी की आपला सेट दाखवायची त्यांची शामत नसावी. वाटेत मनात शब्द जुळवत होतो. आज आपण टाळी वाजवायची.

दार उघडंच होतं. काका स्वयंपाकघरात भात ढवळत होते. मोरीशेजारच्या फळीवर, अगदी कोपऱ्यात कोंबलेला, एक स्पीकर. त्यातून नुसता तबला येत होता. दुसरा स्पीकर कुठे दिसेना. बघतो तर भिंतीला भोक पाडून वायर आतल्या खोलीत नेलेली.

त्यांनी मला पाहिलं. जरा ओशाळले. मग, दहा वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी मला विचारलं, "काय मास्तर, कसं वाजतंय?"

सूड घ्यायला ह्याहून चांगली संधी मिळणार नव्हती. पण मी खरं तेच म्हटलं, "अर्धंच वाजतंय, काका. गाणारी कुठाय?"

काकांचा चेहरा उजळला. आतल्या खोलीकडे तोंड करून ते मोठ्याने म्हणाले, "ऐकलंस गो? मास्तरला ऐकू यायला लागलं!"

आतून कुणीतरी हसलं. जड, एका बाजूने हसल्यासारखं. मी दारातून डोकावलो. काकू खाटेवर होत्या. लकव्याने एक बाजू गेलेली. उशाशी दुसरा स्पीकर, आणि त्यातून ती गाणारी बाई अगदी त्यांच्या कानाशी गात होती.

"ह्या जुन्या ध्वनिमुद्रणात एका बाजूला गळा, एका बाजूला तबला असतो," काका भाताखालचा गॅस बारीक करत म्हणाले. "तिला हलता येत नाही. म्हणून गळा तिला दिला. मला काय, भात होईपर्यंत तबला पुरतो."

मी त्यांना बोलवायला गेलो होतो, न बोलावता परत आलो. दिवाळीनंतर मुलगी दोघांनाही पुण्याला घेऊन गेली. गोधड्या टांगलेला माझा हॉल काकांनी ऐकलाच नाही.

काकूंना पडून तीन वर्षं झाली होती. त्या तीन वर्षांत काका माझ्याकडे किती वेळा येऊन बसले असतील. दर वेळी मी त्यांचं तोंड न्याहाळत राहिलो, आता बरं म्हणतील, आता म्हणतील म्हणून. घरी कोण आहे, कसं आहे, हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही.