भोपाळहून आलेला आवाज

बोलण्यापूर्वी ते उजवा हात कानामागे धरायचे. "आपला आवाज आधी आपल्याला ऐकू आला पाहिजे, मग दुनियेला," असे म्हणायचे. ग्वाल्हेरच्या सचिवालयात आमची टेबले शेजारी होती. साधी फाईल मागतानाही तो हात कानामागे जाई आणि नवा शिपाई दचकून उभा राही.

तरुणपणी ते सिनेमात काम करायला मुंबईला गेले होते. उंची आणि आवाज, दोन्ही भारदस्त. म्हणून दर वेळी न्यायाधीशच केले. "भाऊ, मी सात जणांना फाशी दिली, पण पडद्यावर माझं नाव एकदाही आलं नाही," हे ते हसत सांगत. पुढे एका कंपनीने मोठे काम दिले आणि तालमीतच काढून घेतले. त्यांच्या मराठीला हिंदीचा वास येतो म्हणे. परतल्यावर रेडिओच्या हिंदी नाटकांसाठी परीक्षा दिली. तिथे सांगितले, हिंदीत मराठी डोकावते.

"मग आम्ही ग्वाल्हेरवाल्यांनी बोलावं तरी कशात?" हे मात्र ते हसत विचारत नसत.

मिळाले ते गर्दीतले आवाज, चौकीदार, मरणारे म्हातारे.

त्यांना मनापासून ऐकणारे माणूस घरातच होते. माधवगंजात दोन खोल्या होत्या. देवीच्या आजारात वहिनींचे डोळे गेलेले. रोज संध्याकाळी ते त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत, मंत्र्याचा आवाज वेगळा, चोराचा वेगळा. "आज दोघं सारखेच वाटले हं," असे म्हणून वहिनी हसत. तुम्हीही अशी जोडपी पाहिली असतील. त्यांच्यात तिसऱ्याने फार वेळ बसू नये.

संस्थान आधीच विलीन झाले होते. मग नवा प्रांत झाला आणि कचेऱ्या भोपाळला निघाल्या. बदल्यांची यादी आली तेव्हा आवारात सगळे म्हणाले, "तुम्हीच वाचा!" त्यांनी वाचली. मध्येच स्वतःचे नाव आले. तेही इतरांसारखेच स्पष्ट वाचून ते पुढच्या नावावर गेले. माझे नाव यादीत नव्हते. मला सुटल्यासारखे वाटले, आणि त्याची लाजही वाटली.

भोपाळात घर मिळेना. वहिनींना ग्वाल्हेरातच, दौलतगंजात त्यांच्या भावाकडे ठेवून ते एकटेच गेले. वर्षभराने मला पत्र आले. "रेडिओवर मुख्य काम मिळालं! ध्वनिमुद्रण झालं. रविवारी दुपारी हिला रेडिओजवळ बसवा. तुम्हीही बसा."

त्या रविवारी मी गेलो तो वहिनींचा भाऊ पिशवी घेऊन दारातच भेटला. हातात तार होती. ते आदल्या दिवशी तापाने गेले होते.

"मी गाडीनं निघतो. परत येईपर्यंत ताईला काही सांगू नका," असे म्हणत त्याने तार माझ्या हातात कोंबली.

आत वहिनी ठेवणीतली साडी नेसून रेडिओसमोर बसल्या होत्या.

नाटक तासभर चालले. त्यांनी एका बापाचे काम केले होते. मी तार मुठीत दाबून जमिनीकडे पाहत राहिलो. वहिनी मात्र प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या.

संपल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, आवाज बसलाय ना त्यांचा? काढा घेत जा म्हणून लिहा."

"लिहितो."

"आत्ताच लिहा ना. मी सांगते."

मी कागद घेतला. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. भोपाळचा पत्ता त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.