रिलीव्हर येईपर्यंत

लोणंदच्या स्टँडवर आईने भाकरीचं गाठोडं हातात दिलं आणि धाकट्या भावासाठी निरोपही. "दत्तूला म्हणावं, कागदावर सही कर आन् गप कामाला लाग."

भोसरीच्या कंपनीने माफीचा कागद घरच्या पत्त्यावर धाडला होता. सही केली तरच कामावरून काढलेल्या दत्तूला परत घेणार होते. मी शिंपी माणूस, ऐन लग्नसराईत दुकान बंद करून निघालो. म्हटलं, भेटू दे, चांगला कान पिळतो!

स्वारगेटहून दुसरी बस धरली. नाशिक फाट्यावर वळल्यावर पत्र्याच्या शेडा सुरू झाल्या, मधूनच कांद्याचं एखादं रान आणि सगळीकडे वंगणाचा वास. उतरताना बाकाच्या खिळ्याला अडकून पायजमा टर्रकन फाटला. शिंप्याचाच फाटायचा होता!

खोलीची मालकीण अंगणातच भेटली. "दत्तूचं थोरलं भाऊ व्हय? त्यो गेटावर हाय. सकाळधरनं पोटात काय न्हाई बगा."

कंपनीच्या गेटापासून शंभर पावलांत पाच जणांनी जमू नये, असा सरकारी हुकूम होता. तो मोडायचा म्हणून दत्तूसकट आठ जण तिथेच मांडी घालून बसले होते. घोषणा नाही, दगड नाही. खाकी कपडे मात्र इस्त्रीचे. कंपनीत जशा पाळ्या, तशाच इथेही. भोंगा झाला की रिलीव्हर (पुढच्या पाळीचा माणूस) येणार, मगच उठायचं.

"अरे, हा सत्याग्रह आहे की ड्युटी?" मी विचारलं.

दत्तू हसला. फार वाळला होता. कान पिळायचं राहूनच गेलं. मी कागद पुढे केला.

"दादा, वाचलास का हा? सहा वर्षं लेथ मशीनवर उभा आहे. एवढ्या पगारात घर चालत नाही म्हणालो, ती माझी चूक झाली, असं लिहिलंय यात."

खरं सांगतो, मी तो वाचलाच नव्हता.

तीनचा भोंगा झाला. सात जणांचे रिलीव्हर आले. दत्तूच्या जागी दिघीहून कांबळे यायचे, त्यांचा पत्ता नव्हता.

"चल, भाकरी खाऊन घे."

"रिलीव्हर आल्याशिवाय आम्ही मशीन सोडत नाही दादा. ही जागा कशी सोडू?"

"मग मी बसतो. तू जेव!"

तो बाभळीखाली जाऊन गाठोडं सोडतोय तोच पोलिसांची गाडी आली. हवालदार माझा फाटका पायजमा न्याहाळत म्हणाला, "काका, तुम्ही कामगार दिसत नाही. जा घरी."

उठायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "रिलीव्हर येईपर्यंत हलता येत नाही, साहेब."

आम्हा आठही जणांना गाडीत चढवलं, तेव्हा दत्तू हातातल्या घासासकट धावत आला. मी ओरडलो, "माझं मी बघतो, तू आधी जेव!"

चौकीत माझ्यापुढेही एक कागद आला. "चूक झाली, पुन्हा बसणार नाही, एवढं लिहा, लगेच सोडतो." उभ्या जन्मात चौकीची पायरी चढलो नव्हतो. पेन उचललं. पण चूक कसली लिहू? भावाला दोन घास खाता यावेत म्हणून बसलो, ही? पेन खाली ठेवलं.

दिवेलागणीला आम्हा सगळ्यांना समज देऊन सोडलं. बाहेर दत्तूसोबत कांबळे हात जोडून उभे. "बसच आली नाही हो दादा, चालत आलो." दत्तूने माझा हात धरला, तो खोलीवर पोहोचेपर्यंत सोडला नाही. लहानपणी जत्रेत धरायचा तसा.

दुसऱ्या दिवशी पायजम्याला टाके घालून मी लोणंदला परतलो. आई दारातच होती.

"केली का सही?"

"नाही. त्यानंही नाही आणि मीही नाही." मग सगळं सांगितलं. चौकीचं नाव ऐकून ती मटकन उंबऱ्यावर बसली. आता बोलणी खायची, म्हणून मी मान खाली घातली.

तिने पदराने डोळे पुसले.

"भाकरी खाल्ली का पर त्यानं?"

"खाल्ली, आई. सगळी."