लिंबाच्या फाट्यावर गाडी थांबली

आधीच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. बरोबरचे लोक एकेक कहाण्या सांगायचे... पांढऱ्या साडीतली बाई चढली, तिकीट द्यायला गेलो तर सीट रिकामी! मी म्हणायचो, अरे बाबा, चढली तेव्हाच तिकीट फाडायचं होतंस की. भूत चढलं काय आणि आमदार चढला काय, आधी तिकीट. माझा स्वभाव तिरसट, हे आमची स्वातीसुद्धा कबूल करेल. स्वाती म्हणजे माझी मुलगी, पुण्याला असते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "बाबा, तुम्ही एकटे राहताय ना, म्हणून होतं असं." म्हणून तिच्याशी वाद न घालता इथे लिहितोय.

गंगाखेडहून पालमकडे निघालं की साधारण अर्ध्या रस्त्यात डाव्या हाताला एक लिंबाचं, म्हणजे कडुलिंबाचं झाड आहे. तिथून गाडीवाट आत जाते. थांब्याची पाटी नाही, शेड नाही. आम्ही त्याला लिंबाचा फाटा म्हणतो. वाटेनं चार बांध ओलांडले की आमचं तीन एकर शेत. मी परभणीला राहतो, शेत बटईनं, म्हणजे पिकातल्या वाट्यावर, दत्ताकडे दिलेलं आहे. दत्ता आणि त्याची बायको मुक्ता, दोघं कष्टाळू माणसं.

आता येळवस. वरच्या अंगाला, जिंतूर-सेलूकडे तिचं एवढं नाही, पण आमच्या पट्ट्यात दिवाळी एका बाजूला आणि येळवस एका बाजूला. थंडीतली अमावस्या, वेळा अमावस्या म्हणतात ती. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोपी, म्हणजे खोपटं करायचं, पूजा करायची, आंबील शेतभर शिंपायची, आणि मग भज्जी, उंडे, खीर, धपाटे... भज्जी म्हणजे बेसनाची भजी नव्हे बरं का, सगळ्या ओल्या शेंगांची, पालेभाज्यांची दाट भाजी. वाटेनं कुणीही चाललं तरी त्याला हाक मारायची, जेवू घालायचं. बोलावल्यावर न जेवता पुढं गेलेला माणूस लक्षात राहतो.

तर असा न जेवता पुढं जाणारा माणूस मी होतो.

कारण सणाला कंडक्टरला रजा नसते. लोकांचे सण माझ्या गाडीतून गेले. दिवाळीच्या कपड्यांच्या पिशव्या, पोळ्याचे घुंगरू-गोंडे, संक्रांतीची सुगडी मांडीवर धरून बसलेल्या बाया, माहेराला निघालेल्या पोरी. कुणाच्या पिशवीत काय आहे ते मला वासावरून कळायचं. माझ्या घरचा बाजार मात्र कमल एकटीच करायची. कमल म्हणजे आमची मंडळी. आम्ही तिघं मिळून फिरायला गेलो ते आठवून आठवून एकदा, परभणीच्या उरुसात. स्वाती सहा-सात वर्षांची होती. पाळण्यात बसलो, खाजा खाल्ला. पाळणा फिरत असताना मी कमलला म्हणालो, "पाळणेवाल्यानं दोन माणसं जास्त बसवलीत." ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

येळवशीला मी नेमका परभणी-पालम गाडीवर असायचो. सतरा वर्षं तोच रूट. कमल आदल्या दिवशीच शेताकडे जायची, स्वयंपाक करायची, आणि दुपारी माझ्या गाडीच्या टायमाला लिंबाखाली येऊन उभी राहायची. एका हातात पितळी तांब्या, दुसरा हात वर. इस्माईलभाई आमचे ड्रायव्हर, ते लांबूनच गिअर बदलायचे. मी दारात, पायरीवर उभा राहून आंबील प्यायचो. इस्माईलभाईंना ती खिडकीतून द्यायची. "भाभी, और थोडा डालो," ते म्हणायचे. वर एक डबा, दोघांचा. दरवर्षी ती म्हणायची, "उतरा की घटकाभर. सावलीला तर या." आणि दरवर्षी मी म्हणायचो, "गाडी लेट हाय." आणि डबल बेल. तुम्हाला माहीत असेल, एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

ती कधी रुसली नाही. एकदाच म्हणाली, "घोड्यावर बसल्यावानी करता हो तुमी." मी तिला शब्द दिला होता, रिटायर झालो की पहिली येळवस तुझ्या पंगतीला, दिवसभर. रिटायरमेंटला पाच महिने राहिले होते आणि ती गेली. तापाचं निमित्त झालं. आठ दिवसांत सगळं आटोपलं.

त्यानंतरच्या दोन येळवशी मी घरात दार लावून काढल्या. दत्ता फोन करायचा, मी कारणं सांगायचो. पायच उचलत नव्हता.

यंदाच्या येळवशीला मला पालमच्या बहिणीनं बोलावलं. निघालो. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाड्या भरलेल्याच असतात, त्यात सण. मला मधे, उजव्या बाजूला खिडकी मिळाली. कंडक्टर एक पोरगी होती, पंचवीस-सव्वीसची, चटपटीत. मी पालमचं तिकीट घेतलं. फाट्याचं नाव तोंडातून काढलं नाही, हे मुद्दाम सांगतो. मी कोण, कुठला, हे त्या गाडीत कुणालाच माहीत नव्हतं. ड्रायव्हरही नवा. लिंब जवळ यायला लागला तसा मी डोळे मिटून घेतले, खरं सांगतो. बघवलं नसतं.

गाडीचा वेग कमी झाला. मग थांबली.

दार उघडल्याचा आवाज आला. पोरगी म्हणाली, "या बाई, पटकन." कुणी चढलं नाही. मग ती आत वळून माझ्याकडं बघायला लागली.

"मामा, उतरा. तुमाला बोलवायल्यात त्या."

मी डोळे उघडले. "कोण?"

"त्या काय, खाली. तुमच्याकडंच हात करायल्यात."

माझ्या बाजूनं डावीकडचं नीट दिसत नव्हतं. मी अर्धवट उठून माणसांच्या डोक्यांवरून बघितलं. लिंब होता. गाडीवाट होती. पलीकडे तूर उभी होती. माणूस कुणी नव्हतं.

"कुणी न्हाई तिथं," मी म्हणालो.

"आता असं करता का मामा? उन्हात थांबल्यात की त्या," ड्रायव्हर पुढून म्हणाला. मागून एक म्हातारा हसत म्हणाला, "भांडून आलास का रं?" चार लोक हसले.

आणि मग मी जे केलं ते लिहायला मला तीन दिवस लागले. मी म्हणालो, "गाडी लेट हाय." आणि माझा हात वर गेला, दोरीला. दोनदा ओढली. टिंग टिंग. ड्रायव्हरनं सवयीनं गाडी सोडली.

पोरगी चिडली. "बेल तुमी कशाला दिली? माझी गाडी हाय ना?" बरोबरच होतं तिचं.  ती मागच्या काचेतून बघत होती. म्हणाली, "उभ्याच हायत बघा अजून." मी मागं वळून बघितलं... रिकामी सडक.

पुढचं गाव दीड-दोन किलोमीटरवर. तिथं उतरलो आणि चालत मागं आलो. चालत कसला, पळतच म्हणा. साठीच्या माणसानं डांबरी सडकेवर पळावं हे शोभत नाही, पण पळालो. फाट्यावर कुणी नव्हतं. लिंबाखाली कुणी बसल्याची खूण नाही, सांडलेलं काही नाही. मी वेड्यासारखा झाडाभोवती फिरून आलो. "कमल" अशी हाकही मारली, मोठ्यानं. सगळ्या जन्मात मी तिला अशी नावानं हाक मारली नव्हती, "अगं" म्हणूनच भागायचं. मग रडू आलं. बांधावरून कुणी बघतंय का याचीसुद्धा फिकीर केली नाही.

शेतात गेलो. दत्ता, मुक्ता आणि त्यांचे पाहुणे कोपीपुढं जेवत होते. मी आधी हेच विचारलं, "तुमच्यातलं कुणी सडकंला गेलं होतं का आता?"

"न्हाई बा," दत्ता म्हणाला. "आत्ताच बसलाव की पंगतीला. का हो?"

मी सांगितलं नाही. मुक्तानं ताट वाढायला घेतलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "कमल मला फाट्यावर आंबील द्यायची, आठवतं का?"

"ते आठवत न्हाई व्हय दादा," मुक्ता म्हणाली. "वैनी दुपारी जायच्या आन् सांजच्याला जायच्या."

"सांजच्याला?"

"तुमची गाडी माघारी यायची ना. तवा बी जायच्या की."

मला खरंच काही माहीत नव्हतं. परतीला मी कधी तिला बघितलेलं नाही. विचारलं, "मग हात का नाही करायची?"

मुक्तानं ताटात खीर वाढली. मग म्हणाली, "मी इचारलं होतं एकदा. तर म्हनल्या, दोन दोन डाव गाडी थांबवली तर त्यायला बोलनं बसंल. नुसतं बघून येते. तुमी लिव्हीत असायचाव म्हने, मान खाली घालून. गाडी गेली की मग येऊन जेवायच्या."

मी समोरचं ताट बाजूला केलं. म्हणालो, "मुक्ता, झाकून ठेव. सांजची गाडी जाऊ दे, मग जेवतो." तिनं ताट झाकलं.

दुसऱ्या दिवशी मी डेपोत जाऊन त्या पोरीला गाठलं, तेही इथेच सांगतो. आधी बेलबद्दल माफी मागितली. मी कंडक्टर होतो म्हटल्यावर ती हसली, चहा पाजला. बाई कशी होती, विचारलं. चेहरा तिला सांगता येईना, डोक्यावर पदर, ऊन तोंडावर. म्हणाली, "हातात पितळी तांब्या होता. त्याच्यावर दोन गिलास पालथे, एकात एक." कमल दोन ग्लास आणायची, एक माझा, एक इस्माईलभाईंचा, आणि तांब्यावर असेच पालथे घालून आणायची. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. इस्माईलभाई सहा वर्षांपूर्वी वारले. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, "बाईनं हात केला म्हणून थांबवली, आणखी काय?"

मी स्वतःशी वाद घालून बघितला. येळवशीला रस्तोरस्ती बाया तांबे घेऊन उभ्या असतात. कुणी बाई आपल्या माणसाची वाट बघत असेल, दोघांसाठी दोन ग्लास आणले असतील. पण मग तिनं माझ्याकडे का हात करावा? ती मला का दिसू नये? गाडी सुटल्यावर गेली कुठं? शेजारच्या मळ्यांतही विचारून आलो. उत्तर मिळालं नाही, आणि आता मिळेल असं वाटतही नाही. स्वाती म्हणते तसं एकटेपणानं मला भास झाला म्हणावं, तर भास मला झालाच नाही. मला काहीच दिसलं नव्हतं. दिसलं ते त्या दोघांना.

पण येळवशीच्या त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. साडेपाचच्या सुमारास मी सडकेला गेलो. कोपीकडून ओरडण्याचा, हसण्याचा आवाज येत होता. लिंबाच्या जरा अलीकडे उभा राहिलो, गाडीच्या खिडक्या समोर येतील अशा बेतानं. गाडी आली, तीच, गच्च भरलेली. मी हात केला नाही. दोन्ही हात मागं बांधून ठेवले. ड्रायव्हरनं बघितलं असेल, पण हात नाही म्हटल्यावर तो तरी कशाला थांबेल? पुढच्या खिडकीत ती पोरगी दिसली. मान खाली, बोटं तिकिटाच्या मशीनवर. माझ्यापासून चार हातांवरून गेली. मी तिच्याकडेच बघत होतो, पण तिनं काही मान वर केली नाही.

धुरळा खाली बसेपर्यंत तिथंच थांबलो. मग शेताकडे चालत गेलो आणि जेवलो.