उपासाला चालणारी गोळी

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. माझी आत्या सत्तरीकडे झुकलेली, गुडघ्यांची पार वाट लागलेली, बीपीची गोळी कायमची. तरी भाताच्या आवणीला, रोपं लावायला, चिखलात उभी राहणार म्हणजे राहणारच. नको म्हटलं की फणकारायची, "मी नाय तर कोण गो? तू शाळंत शिकवणार, माझा पोरगा कंपनीत." आणि खरं सांगायचं तर तिचं चुकतही नव्हतं. मजुरीला माणूस मिळत नाही आणि रोपं कुणासाठी थांबत नाहीत.

दिवसभर वाकायची कशी? तर गोळीवर. खर्डीच्या एका किराणा दुकानात दुखण्यावरची लाल गोळी पाकीट कापून सुटी मिळते. ती सकाळची. मुरबाडला दिलेल्या नणंदेनं पांढरी आणून दिलेली, "आई, ही भारी हाय." ती दुपारची. रंग वेगळा, पाकीट वेगळं, म्हणजे औषध वेगळं, असा सरळ हिशोब. बांधावर टेकल्या की बायका तंबाखू द्यावी तशी एकमेकींना गोळी द्यायच्या. मी कटकट करायचे, "आत्या, आधी काहीतरी खा तरी." त्यावर उत्तर ठरलेलं, "भाकर घरी हाय, दुखणं हितं हाय."

आवणी संपता संपता श्रावण लागला. पहिल्या सोमवारी आत्याचा कडक उपास, संध्याकाळी सोडायचा. सकाळी कोऱ्या चहाबरोबर आत्या लाल गोळी तोंडात टाकताना मी तिचा हात धरला. "उपाशीपोटी?" तिनं मलाच वेड्यात काढलं. "गोळी काय अन्न हाय का? उपासाला चालते." शेजारीण विस्तव न्यायला आलेली, तिनंही मान डोलावली. रोज तेच तेच सांगून माझी जीभ झिजली होती. शाळेची वेळ झाली, मी निघाले.

दुपारी निरोप आला, बांधावर चक्कर येऊन पडली. धावत घरी आले तर अंगणात खाटेवर, तोंड पांढरंफटक, हात थंडगार. पोटात दुखतंय का विचारलं तर "नाय." शेवटी शेजारणीनं कानात सांगितलं, "दोन-चार दिस झालं, परसाकडला डांबरासारखं काळं होतंय तिला." आत्या तशातही पुटपुटली, "नाचणीची भाकर खाल्ली ना, म्हणून." भेटेल ती रिक्षा धरून तिला शहापूरच्या दवाखान्यात नेलं.

रक्त चढवायला घेतलं. डॉक्टरीणबाईंना मी दोन्ही गोळ्यांची कापलेली पाकिटं दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, या दोन्ही एकाच जातीच्या. सूज उतरवतात, पण पोटाला आतून जखम करतात. यांचं वय बघा, वर बीपी. त्यात दोन-दोन, रोज, आणि उपाशीपोटी! काळं होतंय म्हणजे आत रक्त चाललंय." बीपी असेल, मूत्रपिंडाचं दुखणं असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असल्या गोळ्यांना हात लावायचा नाही, असं त्यांनी मला बजावून सांगितलं. मी एवढंच विचारलं, "वाचतील ना?" त्या म्हणाल्या, "उद्या सांगते."

मला नणंदेचा राग आला, दुकानदाराचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या गुडघ्यांचा. रडूसुद्धा आलं नाही, इतकी मी दमले होते.

वाचली. पण घरी आली ती गुडघे घेऊनच. आता दुखण्याला तापाचीच साधी गोळी, तीही डॉक्टरांनी सांगितली तेवढीच, आणि शेकायला गरम पाण्याची पिशवी. "पोट बरं केलंत गो, आता गुडघ्यांचं काय?" असं रोज विचारायची. लाल गोळीसाठी ती कधी गोड बोलायची, कधी शिव्या द्यायची. मी नाही म्हणायचे. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. नाही म्हणूनसुद्धा अंग दुखतं हे मला तेव्हा कळलं.

यंदा आवणी आली आणि ओढ्याकडचं खाचर आम्ही पडीक ठेवलं. आत्या उंबऱ्यात बसून घळाघळा रडली. तिच्या हयातीत ते कधी रिकामं राहिलं नव्हतं. "माझ्यापायी शेत ओसाड ठेवलंस? लोकं काय म्हणतील? त्यापरीस मेले असते तर सुटले असते."

मीही तडकले. "शेत पुढल्या साली लावता येईल, आत्या. तुम्हाला कुठून आणू?"

तिनं पदरानं नाक पुसलं. मग पाय पुढं करून म्हणाली, "मंग चोळ तरी." मी तेल आणायला उठले.