पंधरा ओळींची फायनल

बुद्धभूषणला लहानपणापासून एक खोड होती. घरात जे काही चाललेलं असेल, त्याची तो कॉमेंट्री करायचा. त्याची आई पुतळाबाई भाकऱ्या करायला बसल्या की हा उलथनं तोंडासमोर धरून दारात उभा. "भाकरी तव्यावर... प्रेक्षक श्वास रोखून बसलेत... आणि भाकरी फुगली!"

"भाकरी करपली," पुतळाबाई उलथनं हिसकावून घेत म्हणायच्या. "उलथनं तुज्याकडं, मग मी उलटू कशानं? बोटानं?"

भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांची खोली. त्यामुळे ही कॉमेंट्री आम्हालाही फुकट ऐकायला मिळे. बी.ए. झाल्यावर तरी पोरगा गप्प होईल असं वाटलं होतं. पण त्याने क्रीडापत्रकार व्हायचं ठरवलं. पुण्याच्या झाडून सगळ्या वर्तमानपत्रांना अर्ज केले. ज्यांनी उत्तर पाठवलं, त्यांनी अनुभव घेऊन या म्हणून कळवलं. अनुभव कुठे मिळतो, ते कुणीच कळवलं नव्हतं.

त्याचे वडील रामभाऊ कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. त्यांनी साहेबांकडे शब्द टाकून ठेवला होता. बुधवारी टाइम ऑफिसात, हजेरीच्या कारकुनासाठी, मुलाखत.

"कबड्डी बघायचा कोन पगार देतो का?" रामभाऊ विचारायचे.

"देतात, बाबा."

"मग मला का न्हाय दिला? मी जल्मभर बघतोय."

शेवटी बारामतीत एका दैनिकाच्या कचेरीत नारायणराव भेटले. पाच-सहा तालुक्यांच्या बातम्या ते आणि टाइप करणारी मेघना अशी दोघंच सांभाळत. नारायणराव म्हणाले, "तुमच्या कॉलनीत रविवारी जयंतीच्या कबड्डीची फायनल आहे ना? फोनवरून बातमी दे. पंधरा ओळी. सोळावी चालणार नाही, खाली टायरची जाहिरात आहे. छापण्यासारखी आली, तर एक तारखेपासून ये. नाहीतर वडिलांचं ऐक."

फायनल कॉलनीचा संघ आणि वरकुटे यांच्यात होती. वरकुटे म्हणजे पुतळाबाईंचं माहेर. त्यांचा भाचा गेणू त्या संघातला मुख्य चढाईवाला. त्यामुळे रामभाऊ मैदानाच्या एका बाजूला बसले आणि पुतळाबाई दुसऱ्या. शेवटच्या चढाईला कॉलनीचा संघ तीन गुणांनी पुढे होता. गेणू आत गेला, कोपऱ्यातल्या गड्याला पायाने शिवला आणि त्याच्यासकट चौघं अंगावर पडलेली असताना त्याने मध्यरेषेला बोटं टेकवली. वरकुटे एका गुणाने जिंकलं. पुतळाबाई उठून उभ्या राहिल्या. रामभाऊंनी तपकिरीची डबी काढली.

बुद्धभूषण धावत आप्पांच्या एसटीडी बूथवर गेला. त्याच्या मागून निम्मं मैदान आलं. पेपरात नाव यायची संधी काही रोज येत नाही.

"बूथचं नाव घालनार असशील तरच फोन," आप्पा म्हणाले.

फोनवर मेघना होती. नारायणराव एका लग्नाला गेले होते. बुद्धभूषणने सुरुवात केली, "जयंतीनिमित्त आयोजित कबड्डी स्पर्धेचा अंतिम सामना मोठ्या उत्साहात पार पडला..."

"उद्घाटन कुनी केलं त्ये आदी सांग," मागून कुणीतरी म्हणालं. त्याने सांगितलं.

"नारळ मी फोडला."

"मंडप आमचा हाय."

"तात्यांचं नाव घे की, मोठं मानूस हाय. आन् त्यांचं घेतलंस तर त्यांच्या भावाचं घ्यावं लागंल, न्हायतर दोघांत भांडान लागंल."

कॉलनीतली ही सगळी माणसं काका नाहीतर मामा. नाही कसं म्हणायचं? आणि नावामागे 'राव' लावल्याशिवाय नाव घ्यायची त्याला सवयच नव्हती; प्रत्येक रावाने थोडी थोडी जागा खाल्ली. दाराशी रामभाऊही उभे होते. ते बघून याने 'प्रमुख उपस्थिती'मध्ये त्यांचंही नाव घुसडलं.

"झाल्या पंधरा ओळी," मेघना म्हणाली. "पान पाठवते."

"अहो, निकाल राहिला!"

पण तिने फोन ठेवला होता. कचेरीत एकच लाइन. आता त्याच लाइनीवरून पान फॅक्सने पुण्याला निघालं होतं. तो पुन्हा पुन्हा नंबर फिरवत राहिला.

सकाळी पहिल्या एसटीने आलेले पेपर हातोहात संपले. कोण जिंकलं हे बातमीत नाही, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. जो तो आपल्या नावापर्यंत वाचून थांबत होता. रामभाऊ मात्र पूर्ण वाचून म्हणाले, "झ्याक लिवलंयस. नगं त्ये सगळं गाळलंस."

आतून पुतळाबाई लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "नगं त्ये? माज्या माहेरानं कप न्हेला त्ये नगं? मंडपवाल्याचं नाव हाय, आन् माजा गेणू कुठंय? गुडघं मंडपवाल्यानं फोडून घेतलं व्हय?"

बुद्धभूषण न जेवताच बारामतीला गेला.

नारायणरावांनी पेपर पुढे सरकवला. "बरीच माणसं आली होती म्हणायची."

"हो, सर."

"खेळाडूही आले होते का?"

पलीकडे मेघना टाइप करायची थांबली.

"पाच ओळी देतो. इथेच बसून लिही. जो खेळला त्याचंच नाव."

पहिल्यांदा त्याने लिहिलं की अटीतटीच्या झुंजीत यजमानांना दुर्दैवाने निसटती हार पत्करावी लागली. नारायणरावांनी त्यावर लाल रेघ मारली. "दुर्दैव कुठल्या जागेवर खेळत होतं?"

मग त्याने नवा कागद घेतला. उद्या कॉलनीत चहाला कोण बोलावणार नाही, ते त्याला दिसत होतं. शेवटी त्याने सरळ लिहिलं: वरकुटे जिंकलं, एका गुणाने, भवानीनगर हरलं. शेवटची चढाई गेणूची. चौघं अंगावर असताना त्याने मध्यरेषा गाठली.

पाच ओळी दुसऱ्या दिवशी छापून आल्या. त्या दिवशी कॉलनीत पेपर उरले. आप्पांनी बुद्धभूषणला बघून बूथचं दार लावून घेतलं.

रामभाऊ कपातला चहा ढवळत बसले होते. "येकाच गुनानं हरलो, येवढं तरी लिवायचं व्हतंस."

"लिहिलंय, बाबा. पहिल्याच ओळीत आहे."

"व्हय? बगू." त्यांनी चष्मा लावला आणि पाचही ओळी वाचल्या. मग पुन्हा वरपासून वाचल्या. "चौगं अंगावर व्हती, हे बाकी खरं हाय," ते म्हणाले.

"वाचून झालं आसंल तर हिकडं द्या," पुतळाबाईंनी पेपर ओढून घेतला. "वरकुट्याला धाडायचाय. आन् उद्या मुलाखतीच्या सायबाला सांगा, पोरगं कामाला लागलंय म्हनून."

"नारायणराव अजून काही बोलले नाहीत, आई."

"त्ये बोलतील," पुतळाबाई म्हणाल्या. "आदी माजं उलथनं ठेव."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं, उलथनं त्याच्याच हातात होतं.