सरकारचं बोट

माझ्या केंद्रात प्रिंटरशेजारी एक खोका आहे. फसलेल्या प्रिंटा त्यात टाकायच्या आणि पाठकोरी बाजू पुन्हा वापरायची, हा नियम मीच केलेला. पण अर्जाच्या कामाला तो कागद कधीच येत नाही. कारण लोक समोर बसून काहीतरी बोलून जातात आणि मी ते त्या पाठकोऱ्या बाजूवर टिपून ठेवते. दरवर्षी रद्दीवाला येतो, खोक्याकडे बघतो आणि मी त्याला परत पाठवते. आता दुसरा खोका लागलाय.

कोंढ्याच्या बसस्टॉपला लागून माझं ऑनलाइन केंद्र. दाखले, सातबारा, परीक्षेचे अर्ज, सगळं इथे निघतं. लोक मला उज्ज्वला मॅडम म्हणतात. मॅडमला सगळं कळतं असा त्यांचा समज आहे. तो मी कधी मोडला नाही. माझाही तोच समज होता, तो मात्र या लोकांनी मोडला, एकेक करून.

०००

रामटेके गुरुजी रिटायर झाल्यापासून माझ्या बाकावर बसतात. सकाळी पेपर, दुपारी डुलकी आणि मधल्या वेळात माझ्या कामाची तपासणी.

एकदा त्यांचाच अर्ज भरत होते. जन्मगाव तिरोडा. मी जिल्हा भंडारा निवडला, तर तालुक्यांच्या यादीत तिरोडा दिसेना. दिसणार कसा? जिल्हा फुटला तेव्हा तो गोंदियात गेला.

"गुरुजी, गोंदिया टाकते."

"काहून? माहा जन्म भंडारा जिल्ह्यातला आहे."

"पण आता तिरोडा गोंदियात आहे जी."

"गाव गेलं तिकडं. माहा जन्म नाही गेला. मी जन्मलो तेव्हा तो जिल्हाच नोता."

"मशीनला ते माहीत नाही ना गुरुजी. ते घेतच नाही."

गुरुजींनी चष्मा काढला. "हे मशीन कवा आलं?"

"झाली दोन वर्षं."

"मंग माह्या जन्माच्या वेळी हे कुठं होतं?"

मी गोंदियाच टाकलं, दुसरा इलाज नव्हता. गुरुजींनी प्रिंट घेतली आणि समासात पेनाने लिहिलं, 'जन्माच्या वेळी भंडारा'. खाली सही, तारीख. तो कागद तसाच मंजूर होऊन आला. अर्जाच्या रकान्यापुढे शेवटचा शब्द माणसाचा, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

०००

मग गुरुजींच्या मुलाने त्यांना मोठा मोबाइल पाठवला. लाइट जाते म्हणून त्यांना त्यात बॅटरीचं, म्हणजे टॉर्चचं, ॲप हवं होतं. मी शोधलं, टाकलं. ॲपने काहीतरी विचारलं आणि मी सवयीने 'मान्य'वर बोट ठेवायला गेले, तर गुरुजींनी माझं मनगटच धरलं.

"काय इचारलं त्यानं?"

"काही नाही जी. तुमचे फोन नंबर, फोटो, तुम्ही कुठे आहात, एवढं बघू द्या म्हणतो."

"बॅटरी आहे न ते?"

"हो."

"मंग बॅटरीले माह्या साळ्याचा नंबर काहून पाहिजे?"

माझ्याकडे कॉम्प्युटरचा डिप्लोमा आहे, भिंतीवर फ्रेम करून लावलाय. मी त्याच्याकडे बघितलं.

"सगळेच मागतात गुरुजी."

"सगळेच मांगतेत म्हणून द्याचं?"

त्यांनी कंपनीच्या सगळ्या अटी छापून मागितल्या. चांगला जाड गठ्ठा निघाला. दोन दिवस बाकावर बसून, डिक्शनरी मांडीवर आणि लाल पेन हातात घेऊन त्यांनी तो वाचला. तिसऱ्या दिवशी निकाल सांगितला, "सात नंबर सोडून बाकी मान्य आहे. तसं कळव त्याइले."

मी त्यांना स्क्रीनवरचा तो एकच चौकोन दाखवला. टिक करायची, नाहीतर ॲप सोडायचं.

गुरुजींनी लाल पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "सगळं मान्य कर, नाही तं चालता हो. असं पयले गावचा मालगुजार कुळाले बोले."

पुढच्या आठवड्यात भंडाऱ्याला जाऊन ते सेलची बॅटरी घेऊन आले. त्या दिवशी मी लोकांच्या वतीने किती वेळा 'मान्य' दाबते ते मोजायला घेतलं होतं. दुपारपर्यंत मोजलं आणि लाज वाटून सोडून दिलं.

०००

मोरेश्वरभाऊ पवनीचे विणकर. त्यांचं सिम अचानक बंद पडलं, तेव्हा मी त्यांना दुसऱ्या फोनवरून कस्टमर केअरला लावून दिलं. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया लाइनवर राहा.' मग गाणं. मग पुन्हा तेच. माझ्या केंद्रात अर्धा तास त्यांनी ते ऐकलं, मग म्हणाले, घरी जाऊन ऐकतो, तेवढंच काम होईल.

पुढचं त्यांच्या घरच्यांकडून कळलं. त्यांनी घरातला दुसरा फोन मागावर ठेवला, स्पीकर लावला आणि विणायला बसले. कंपनीचं गाणं वाजतंय, इकडे धोटा चाललाय. बऱ्याच वेळाने एकदाची मुलगी बोलली, "नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?"

मोरेश्वरभाऊंचा साडीचा काठ अर्धा झाला होता. तो मधे सोडता येत नाही. ते म्हणाले, "ताई, तुमचा फोन माह्यासाठी महत्त्वाचा आहे. एवढा काठ होऊ द्या. तवर लाइनवर राहा."

आणि ती राहिली! काठ पूर्ण होईपर्यंत मागाचा आवाज ऐकत राहिली. मोरेश्वरभाऊ सांगतात, "पोरगी चांगल्या घरची होती जी. मधात एक शब्द बोलली नाही." कंपनीवर मात्र त्यांचा राग आहे तो आहेच.

०००

आता भागरता आजी. गावाबाहेरच्या छोट्या वस्तीत, टोलीवर, एकटी राहते. मुलगी लग्न होऊन लांब गेली. आजी रोवण्याला जाते, म्हणजे धानाची रोपं चिखलाच्या बांधीत लावायला, आणि एरवी दोन शेळ्या चारते.

तिच्या टोलीच्या चौकात निवडणुकीच्या आधी कुणीतरी कॅमेरा भेट दिला. खांबावर उंच, खाली पाटी, 'आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात'. दुसऱ्या दिवसापासून टोली बदलली. बायका चौकात भांडेनात. पत्त्यांचा डाव उठला. एक जण तर रोज कॅमेऱ्याला नमस्कार करून कामावर जायचा.

वर्षभराने आजीची शेळी हरवली. आजी माझ्याकडे आली, "मॅडम, अर्ज लिहून दे. त्या डोळ्यानं पाह्यली असन माही शेळी." अर्ज गेला. चौकशी झाली. कॅमेऱ्याची वायर खांबाच्या मध्यापर्यंत येऊन तिथेच गुंडाळून ठेवलेली निघाली. तो एक दिवसही चालू झालेला नव्हता.

शेळी संध्याकाळी आपली आपण घरी आली. पण आजीला चैन पडेना. ती पुन्हा माझ्याकडे आली, बाकावर टेकली आणि म्हणाली, "म्हणजे बाप्पा, वर्षभर आमी फुकटच नीट वागून राहिलो होतो?"

गुरुजी त्या दिवशी इतके हसले की चष्मा खाली पडला.

०००

त्याच आजीची दुसरी गोष्ट सांगताना मात्र मला हसू येत नाही.

रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आलं. रोवण्याच्या दिवसांत बायकांचे हात महिना महिना चिखलात असतात. रोपांच्या मुठी धरून, उपटून, लावून बोटांच्या रेघा पार झिजतात. आजीने अंगठा लावला, मशीन म्हणालं, ओळख पटत नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. फोनवर ओटीपी येतो तो दाखवला तरी चालतं, पण आजीकडे फोन कुठला? तीन दिवस ती रिकामी पिशवी घेऊन परतली. दिवसभर दुसऱ्याच्या बांधीत धान लावणाऱ्या बाईच्या घरात शिजवायला तांदूळ नव्हता.

चौथ्या दिवशी ती माझ्याकडे आली. रागावली नव्हती, हेच मला जास्त लागलं. म्हणाली, "मॅडम, मी भागरताच आहो न? त्या मशीनले तं वाटून नाही राहिलं."

मी तिला सांगितलं, अंगठाच पाहिजे असं नाही आजी, दहापैकी कोणतंही बोट चालतं. दुकानात एकेक बोट लावून बघता बघता डाव्या हाताच्या मधल्या बोटाला एकदाची ओळख पटली. तिला तांदूळ मिळाला. मी विषय संपला असं समजले.

आजीने तो संपवला नाही. ती विचार करत घरी गेली. दुसऱ्या दिवशी रोवण्याला गेली तेव्हा डाव्या हाताच्या मधल्या बोटावर चिंधी, चिंधीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचं टोपरं आणि वरून दोऱ्याची गाठ. बाकीच्या बायकांनी विचारलं, "काय झालं वो, विंचू चावला का?"

आजी म्हणाली, "नाही. हे सरकारचं बोट आहे. नऊ माहे, एक त्याचं. त्याचं मी कामाले लावत नाही."

बायका हसल्या. पुढच्या महिन्यात त्यांच्या पिशव्या रिकाम्या आल्या आणि आजीची भरलेली आली, तेव्हा हसू थांबलं.

दोन वर्षांनी श्रावणात मी स्कूटीने आसगावकडे जात होते. रस्त्याकडेच्या बांधीत बायका ओळीने वाकून रोवणा करत होत्या आणि प्रत्येकीचं एक बोट काळ्या टोपऱ्यात, चिखलाच्या वर ताठ उभं. वीस बायका, वीस बोटं. मी गाडी थांबवली. कोट्यवधी माणसांची ओळख ठेवणारं एवढं मोठं मशीन ज्यांनी बनवलं, त्यांना हे दृश्य दाखवावं असं मला फार वाटलं. फोटो मात्र काढला नाही. विचारल्याशिवाय कसा काढणार?

०००

त्याच वर्षी मोरेश्वरभाऊंच्या नावावर चार सिम निघाली. त्यांच्याकडे एकच होतं. बाकी तीन कुणाकडे, देव जाणे. तक्रार करून ती बंद केली, पण आली कुठून? भाऊंना आठवलं, बाजाराच्या दिवशी माझ्याच दारासमोर छत्रीखाली एक सिमवाला बसला होता. सिमसोबत छोटा फोन फुकट. त्याने दर वेळी सांगितलं होतं, "नाही आला, परत लावा." भाऊंनी चारदा अंगठा लावला होता.

मला आठवलं की त्या दिवशी भाऊंना बोट पुसायला फडकं मीच दिलं होतं. मी ते बोलून दाखवलं. गुरुजी म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही हे खरं आहे, बेटा. पण ते काय बोललं, हे दुसराच सांगते न आपल्याले."

०००

पुढचा रोवणा आला. बाजाराचा दिवस. माझ्या दारासमोर पुन्हा छत्री लागली, माणूस नवीन, कंपनी दुसरी. सिमसोबत फोन भेट. मी कुणाचा तरी अर्ज भरत होते, साइट मधेच अडकली होती. मान वर केली तर रांगेत पहिली भागरता आजी. बांधीतून सरळ आलेली, पायाला चिखल तसाच.

तिला फोन का हवा ते मला माहीत होतं. मागच्याच आठवड्यात म्हणाली होती, "फोन आला का ओटीपी येते. मंग हे बोट मोकळं. लई वर्सं बांधून ठेवलं."

आजीने दोरा सोडला, टोपरं काढलं, चिंधी काढली आणि ते कोरडं, गोरटं बोट मशीनवर ठेवलं.

"नाही आला आजी," सिमवाला म्हणाला. "परत लावा."

गुरुजी बाकावरून उठले. मीही उठले. पण आजीने आमच्याकडे बघितलंच नाही.

"आला," ती म्हणाली.

"नाही ना आला. चिखलाने रेघा गेल्यात तुमच्या. या दिवसात कुणाच्याच येत नाहीत."

"हे बोट चिखलात गेलंच नाही बाबू. तीन वर्सं झाले, रासनाचं मशीन याले एका बारीत वळखते. तुहंच काहून नाही वळखत?"

रांगेतल्या बायका पुढे सरकल्या. सगळ्यांच्या बोटांना टोपरी. सिमवाल्याने ती बघितली, काय आहे ते त्याला कळलं नाही. तो गडबडला.

"बरं, ते राहू द्या. दुसरं कोणतंही लावा. कोणतंही बोट चालतं."

"कोणतंई?"

"हो आजी, कोणतंही."

आजीने शांतपणे त्याचं मनगट धरलं. तीस वर्षं रोपांच्या मुठी धरलेला हात तो, सुटणार कसा? तिने त्याचाच अंगठा उचलून काचेवर दाबला. टुंग वाजलं. हिरवा दिवा लागला.

"पाह्य," आजी म्हणाली, "आला."

मग तिने टेबलावरचं आपलं सिम आणि फोनचा डबा उचलला, पिशवीत टाकला आणि माझ्या केंद्रात आली. बाकावर बसून ते बोट पदराने पुसलं, चिंधी गुंडाळली, वर टोपरं चढवलं.

मी म्हटलं, "आजी, आता फोन आला ना? ओटीपी येईल. आता कशाला बांधता?"

तिने दोऱ्याचं एक टोक दातात धरलं आणि हात माझ्यासमोर केला.

"यानंच तं आज त्याची लबाडी धरली. जरा गाठ मार, मॅडम. एका हातानं नाही जमत."

मी गाठ मारली.